चाळिसाचे पाच होताना

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या आकडेवारीत दोन ओळी एकाखाली एक येतात. पहिली ओळ बालमृत्यूची. दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे १९७१ मध्ये १७६ होती, १९७६ मध्ये ती ५२ झाली. दुसरी ओळ वजनाची. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी वयाच्या मानाने वजन कमी असलेली मुले १९७१ मध्ये शेकडा ४० होती, १९७६ मध्ये ३०. पहिल्या ओळीने जग जामखेडला आणले. दुसरीपाशी फारसे कुणी थांबत नाही. खरे तर संस्थेचा इतिहास तिच्यातच जास्त सापडतो. त्याच गावांत, त्याच पाच वर्षांत मरणे तिपटीने घटली आणि वाढ मात्र जेमतेम हलली. मूल वाचले म्हणजे ते अंग धरेलच असे नाही. दुसरी ओळ ५ वर यायला १९८६ उजाडले. त्या मधल्या दहा वर्षांत काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. बाकीचा इतिहास, पुरस्कार आणि पाहुण्यांसह, या स्मरणिकेत इतरत्र येईलच.

सुरुवात मात्र सांगायलाच हवी. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, शिक्षकाच्या घरातले. डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एका वर्गात होते. १९६० मध्ये लग्न झाले आणि काही काळाने दोघे नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. तिथे त्यांना एक गोष्ट छळू लागली. जुलाबाने सुकलेले मूल यायचे, सलाईन लावून बरे व्हायचे, घरी जायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच मूल तसेच सुकून परत यायचे. दवाखाना अखंड भरलेला, दोघांचे हात अखंड चाललेले, आणि गावातले दुखणे जागच्या जागी. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० मध्ये ते परतले. मोठ्या शहराकडे न जाता बोलावणारे गाव त्यांनी शोधले. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत दिली. माणसांचा दवाखाना तिथे सुरू झाला. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट’ हे भारदस्त नाव कागदावर राहिले. लोकांना आरोळ्यांचे नाव पुरेसे होते.

मुहूर्त म्हणाल तर वाईटच. बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीतला हा तालुका एरवीही पावसाच्या भरवशावर जगणारा, आणि डॉक्टर आले तेव्हा दुष्काळाची वर्षे लागली होती. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो आणि सुकडी, म्हणजे मदतीचे धान्य आणि मदतीचा खाऊ, हे दोन शब्द पुरतात. माणसे खडी फोडायला आणि नालाबांधावर जात होती, विहिरींनी तळ गाठला होता. अशा वेळी लस, बाळंतपण, स्वच्छता असली भाषा घेऊन गावात जाणाऱ्या डॉक्टरला लोक काय म्हणणार? लोकांनी सांगितले, आधी खायला द्या आणि पाणी द्या. डॉक्टरांनी ते ऐकले. त्यांच्या कामाला पुढे जे शास्त्रीय नाव मिळाले ते बाजूला ठेवले, तर सुरुवात या ऐकण्यात आहे.

गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली आणि त्यांनी लहान मुलांसाठी स्वयंपाकघरे चालवली. बाहेरून मदतीचे धान्य येत होते. पण डॉक्टरांना एक भीती होती आणि ती खरी निघण्याजोगी होती. बाहेरचे धान्य थांबले की चूल विझणार. म्हणून गावकऱ्यांनी काही जमीन या मुलांच्या अन्नासाठी लावली. प्रकल्पाने विहिरींच्या कामात हात दिला आणि पिकाचा वाटा स्वयंपाकघराकडे आला. जेवताना पंगत एकच. त्या काळात सवर्णांचे पोर दलित बाईच्या हातचे जेवून घरी गेले, तर घरी काय होत असेल याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. तरी मूल भुकेले असले की आई गप्प बसते. दुष्काळाने जातीच्या भिंतीला पाडले नाही, पण तिला खिडकी पाडली एवढे म्हणता येईल.

पाण्याची गोष्ट याहून धूर्त आहे, आणि मला ती फार आवडते. कूपनलिका पाडणारी यंत्रे आली, तेव्हा खोदायचे कुठे हे ठरवायला भूगर्भतज्ज्ञ होता. नळ पाटलाच्या दारात यावा असे गावच्या प्रमुखांना वाटणे साहजिक होते. डॉ. आरोळ्यांनी तज्ज्ञाशी आधीच बोलून घेतले, आणि पाणी ‘लागले’ ते नेमके दलित वस्तीत. विज्ञान बोलले म्हटल्यावर वाद कोण घालणार? सगळ्या गावाच्या बायका हंडे घेऊन त्या वस्तीत येऊ लागल्या. ज्यांना विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांच्या दारातला हापसा गावाने हापसला. एरवी सरळ माणूस असलेल्या डॉक्टरांनी केलेली ही लबाडी संस्थेच्या इतिहासात मी पुण्याच्या खात्यावर लिहितो.

हापसा म्हणजे सुटका, असेही नव्हते. त्या वर्षांत मिळणारे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराच्या घडणीचे होते, दिवसभर शेकडो हंडे भरण्यासाठी ते बनलेलेच नव्हते. ते सारखे मोडत. शेजारच्या सोलापुरात यावर तोडगा निघाला. पोलादी ‘सोलापूर पंप’ तयार झाला आणि त्याच्या पायावर पुढे ‘इंडिया मार्क-२’ बेतला गेला. आज तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही दिसतो. दुष्काळी पट्ट्याने जगाला दिलेल्या देणग्यांची यादी कधी झालीच, तर हा दांडा तिच्यात असावा.

आता चूक. संस्थेने ती लपवली नाही, म्हणून इथेही लपवायचे कारण नाही. गावात आरोग्य पोचवायचे म्हणून सुरुवातीला शिकलेल्या परिचारिका गावोगावी नेमल्या गेल्या. ते जमले नाही. गावात एकटे राहणे त्यांना अवघड होते, आणि गावच्या बायकांना ती शहरी, शिकलेली, परकी बाई आपली वाटेना. मग गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. ग्रामआरोग्यसेविका ही कल्पना इथून आली. निवडलेल्या बहुतेक बायका निरक्षर होत्या. कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. अक्षर येत नाही ती औषध काय देणार, अशी शंका शिकलेल्यांनी त्या वेळी घेतलीच. शंकेला उत्तर त्या बायकांनी दिले, दर आठवड्याला जामखेडला येऊन, बसून, पाठ करून. पहिल्या पहिल्या मुक्कामांत जातीजातींची पथारी वेगळी पडू नये म्हणून त्या एकाच भल्या मोठ्या गोधडीखाली झोपल्या. थंडीच्या रात्री गोधडीला जात नसते.

या बायकांनी गावात नेमके काय नेले? मोठमोठ्या यंत्रांची नावे शोधू नका. एका वाटीची गोष्ट सांगतो.

वर्षभराच्या मुलाचे पोट एका वेळी पाव लिटरच्या आसपास घेते. आई त्याला ज्वारीची पातळ पेज देते, ‘पोरगं पोटभर प्यायलं’ म्हणते, आणि ते खरेही असते. पोट भरते ते पाण्याने. पेजेत दाणा किती आणि पाणी किती याचा हिशेब केला, तर दिवसाला तीन वाट्या पेज घेणारे मूल भरल्या पोटी उपाशी असते. मोठ्या माणसाचे दोन वेळचे जेवण लहानाला चालत नाही, त्याला चार-पाच वेळा थोडे थोडे लागते. तीच भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून घट्ट केली, वरून चमचाभर तेल घातले, मूठभर शेंगदाण्यांचे कूट मिसळले, की त्याच वाटीत दुपटीहून जास्त बळ मावते. तेल जड पडेल, खोकला होईल, असे सासू म्हणे. सेविका स्वतःही कुणाची तरी सासू किंवा सून होती, त्यामुळे तो वाद तिला पाठ होता आणि तो कुठे सोडायचा हेही. पण तिलाही अडवणारी एक गोष्ट होती. आई दिवसभर कामावर जाई आणि मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पाच वेळा भरवणार कोण? म्हणून बालवाडी, पंगत आणि शेजारणी यांचा मेळ घालावा लागला.

जुलाब झाले की पाणी तोडायचे, ही दुसरी पक्की समजूत. पोटावर बिब्ब्याचे डाग देणे हा खेड्यापाड्यांतला जुना उपाय होता. सेविकेने साखर-मीठ-पाणी शिकवले. ओली माती सुकताना कशी भेगाळते हे दुष्काळी गावाला दाखवून द्यावे लागत नाही, पोरही तसेच सुकते एवढे म्हटले तरी बाईला कळे. पहिल्या ओळीतला १७६ चा आकडा ५२ वर आला, त्यात या साखर-मीठ-पाण्याचा, लसींचा आणि स्वच्छ बाळंतपणाचा वाटा मोठा होता.

मग दुसरी ओळ का अडली? मला उमजते ते असे. जुलाबाने मूल मरू न देणे हे एका चांगल्या सेविकेला साधते. पण जुलाब महिन्यातून दोनदा होऊच न देणे हे एकटीच्या हातात नाही, ते गल्लीच्या हातात आहे. आणि मोठे जुलाब नसतानाही घाण पोटात जातच असते. रांगते मूल अंगणातली माती तोंडात घालते. त्या मातीत कोंबड्यांची विष्ठा असते, पलीकडच्या हागणदारीतून पायांनी आणि पावसाने आलेले जंतू असतात. आतड्याच्या आतली बारीक लव या रोजच्या माऱ्याने झिजते, अन्न नीट शोषले जात नाही, आणि शरीर आपली ताकद उंची वाढवण्याऐवजी जंतूंशी झगडण्यात घालवते. असे मूल आजारी दिसत नाही. ते नुसते लहान दिसते. शेजारची सगळी पोरे तेवढीच असली, तर लहानही दिसत नाही.

म्हणून शोषखड्डा. संस्थेच्या इतिहासात या खड्ड्याला फोटो मिळत नाही, तेव्हा निदान चार ओळी मिळाव्यात. मोरीचे आणि हापशाचे पाणी त्या काळी सरळ गल्लीत सोडलेले असे. त्यात डुकरे लोळत, डास होत, पोरे खेळत. उपाय सोपा. साधारण तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर बारीक खडी, मग वाळू. मध्यभागी तळाला भोके पाडलेले मडके बसवायचे आणि त्यात काथ्या किंवा गवत भरायचे, म्हणजे खरकटे आणि साबणाची साय तिथेच अडते. पाणी जमिनीत मुरते आणि वर गल्ली कोरडी राहते. काळ्या चिकण मातीत तो लवकर तुंबतो, मुरमाड जमिनीत वर्षानुवर्षे चालतो. मडक्यातला काथ्या बदलायचा कंटाळा केला, की पुन्हा गल्लीत डबके. जिथे मोरीचे पाणी परसात वळवणे जमले, तिथे शेवगा आणि पपई आली, आणि मुलाच्या वाटीत हिरवे-पिवळे काहीतरी पडू लागले. स्वच्छता आणि पोषण ही कागदावर दोन खाती आहेत, गावात मात्र ती एकाच मोरीच्या दोन टोकांना असतात.

शेतकरी मंडळांमागून महिला विकास मंडळे आली. छोट्या कर्जांवर शेळ्या आणि किरकोळ व्यापार सुरू झाला. याचा मुलाच्या वजनाशी काय संबंध, असे विचारणारा माणूस घरातल्या ताटाकडे पाहत नाही. बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि उरेल ते जेवते. तिच्या हातात दोन पैसे आले, चारचौघींत तिचा शब्द चालू लागला, की अंडे कुणाच्या ताटात पडणार याचा निकाल बदलतो. मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत, आणि स्वतःची वाढ पुरी न झालेली आई लहान बाळ जन्माला घालते. मुलाची उंची आईच्या पोटातच ठरू लागते, गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांतले दोनशे सत्तर दिवस तिथेच जातात. दोन वर्षांनंतर गमावलेली उंची क्वचितच भरून निघते. ‘खुजेपण’, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, हा सरकारी शब्द ऐकायला कठोर वाटतो, पण त्याचा अर्थ याच मुदतीशी जोडलेला आहे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चाळीस, तीस, पाच ही नोंद वजनाची आहे, उंचीची नाही. वजन आठवड्यात घटते-वाढते, उंची वर्षानुवर्षांचा हिशेब सांगते. तुळईला काटा अडकवून वजन घेता येते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी घ्यायची तर सपाट फळी हवी, मुलाचे डोके धरायला एक आणि पाय सरळ करायला दुसरा माणूस हवा, आणि मूल रडते ते वेगळेच. म्हणून चाळिसाचे पाच झाले याचा अर्थ खुजेपण तेवढेच घटले, असा मी काढणार नाही. पण वजनाची ओळ दहा वर्षांत एवढी खाली आली, तर ती नुसत्या एका चांगल्या पिकाच्या वर्षाची किमया नव्हे, एवढे निश्चित.

पुढचे भराभर सांगतो. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आरोळे दांपत्याचे जामखेडवरचे प्रकरण आले, तीन वर्षांनी अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. मेबलताईंनी पुढे युनिसेफसाठी दक्षिण आशियात काम केले. दोघांनी मिळून लिहिलेले जामखेडचे पुस्तक १९९४ मध्ये निघाले. देशात २००५ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली, तेव्हा गावच्या बाईवर भरवसा ठेवण्याची जामखेडची रीत पस्तीस वर्षांच्या उंबरठ्यावर होती. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २५ मे २०११ रोजी. संस्थेची धुरा कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांच्याकडे आली.

याच नगर जिल्ह्यात एक दुसरा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख इथे शोभेल. २००४ मध्ये हागणदारीमुक्तीच्या कामासाठी गावे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली होती. डीन स्पीअर्स आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मुलांच्या उंच्या तपासल्या. काम झालेल्या गावांतली मुले सरासरीने किंचित उंच निघाली, चार वर्षांच्या मुलात साधारण सव्वा सेंटीमीटरचा फरक. सव्वा सेंटीमीटर म्हणजे किती, तर बोटाच्या नखाएवढे. पण सरासरी नखभर सरकायला गावातली पुष्कळ मुले बरीच सरकावी लागतात. याउलट बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत घरोघरी संडास, हात धुण्याची सोय आणि शुद्ध पाणी देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत उंची वाढली नाही. पूरक अन्न मिळालेल्या मुलांत थोडा फरक दिसला. काहींनी यावरून स्वच्छतेचा मुद्दाच निकालात काढला. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. एका घराला संडास दिला आणि शेजारची दहा घरे माळावर गेली, तर माशी घर विचारून बसत नाही. शिवाय त्या चाचण्या दोनेक वर्षांच्या. वडाळ्याच्या दवाखान्यात परत परत येणारे मूल डोळ्यांसमोर ठेवून सुरू झालेल्या जामखेडला पंधरा वर्षे लागली होती.

नुसते संडास पुरत नाहीत, हे राज्याचा आकडाही सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची खुजी मुले २००५-०६ मध्ये शेकडा ४६ च्या आसपास होती, २०१५-१६ मध्ये ३४.४ वर आली, आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. यांतल्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत संडासांची संख्या मोठ्या वेगाने वाढली होती. संडास बांधणे ठेकेदाराला जमते. वाटी घट्ट करणे, मडक्यातला काथ्या बदलणे, मुलीचे लग्न लांबवणे हे ठेक्याने होत नाही.

संस्थेने आता किशोरींवर भर दिला आहे. पोरसवदा मुलींना शाळेत टिकवणे, त्यांचे रक्त तपासणे, लग्नाचे वय पुढे नेणे, असे ते काम. पाहुण्यांना वाटते, मुलांच्या वाढीसाठी सुरू झालेली संस्था या वळणावर कशी आली? हिशेब मांडून पाहावा. आज चौदा वर्षांची असलेली मुलगी घ्या. तिची आजी साठीच्या अलीकडची असेल, म्हणजे १९७१ मध्ये ती पाच वर्षांखाली होती. तेव्हा गावातल्या दर दहा मुलांपैकी चार मुले वजनात कमी भरत होती. आजीची उंची त्याच वेळी ठरली, त्या उंचीच्या बाईने या मुलीच्या आईला जन्म दिला, आणि आईने हिला.